‘सांगली’चा अनुस्वार गेला कुठं? वेबसाइट निरनिराळ्या ब्राउझरांत तपासायची पद्धत

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळद व्यापाऱ्याच्या पेढीवर मी माझी पहिली, पैसे घेऊन केलेली वेबसाइट दाखवायला गेलो. लॅपटॉप छातीशी धरून नेला होता. त्यावर सगळं झकास दिसत होतं. शेठनी लॅपटॉपकडे ढुंकूनही बघितलं नाही. गल्ल्यावरचा फोन उचलला, पोरानं नवा घेतल्यावर वडलांकडं आलेला जुना आयफोन. लिंक उघडली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ह्ये ‘सागलीची हळद’ काय लिवलंय? आणि ऑर्डर द्यायची कुठनं? मला तर काय दिसंना."

अनुस्वार खरंच छाटला गेला होता. ‘ऑर्डर द्या’चं बटण फोनच्या तळच्या पट्टीमागं दडलं होतं. ते पान मी घरी पन्नास वेळा तरी बघितलं असेल, पण पन्नासही वेळा माझ्याच मशीनवर, माझ्याच क्रोममध्ये.

तुम्ही नुकतंच वेबसाइटचं काम शिकलाय आणि पहिलं गिऱ्हाईक मिळालंय, तर पान दाखवायला जायच्या आधी पुढचं सगळं एकदा करून बघा. पहिल्या वेळी अर्धा दिवस जातो. सवय झाली की दीड-दोन तासांत उरकतं.

पायरी १ : गिऱ्हाइकाचं गिऱ्हाईक कोण, ते विचारा

जगातले सगळे ब्राउझर तपासायला निघालात तर वेबसाइट कधीच पुरी होणार नाही. म्हणून आधी यादी. मालकाला सरळ विचारायचं : माल कोण घेतं, कुठनं घेतं, फोनवर बघतं की ऑफिसात बसून?

उत्तरं धंद्यागणिक बदलतात. घरगुती हळद किंवा तासगावचा बेदाणा किरकोळीत विकायचा असेल, तर बहुतेक लोक मध्यम किमतीच्या अँड्रॉइड फोनवर, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरनं येणार. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तसली वाद्यं विकणाऱ्याची वेबसाइट असेल, तर परदेशातला शिष्य मॅकबुकवर सफारीत ती बघेल हे गृहीत धरा. सोसायटी, पतसंस्था, एखादं जुनं कार्यालय हे गिऱ्हाईक असेल, तर टेबलावर विंडोज ७ अजून निघू शकतं. त्यावर क्रोम २०२३ साली १०९ व्या आवृत्तीला थांबलं, पुढं सरकत नाही.

जुनी वेबसाइट असेल आणि तिला ॲनालिटिक्स (पान कोण, कशावरनं बघतं ते मोजणारी सोय) लावलेलं असेल, तर ब्राउझर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि स्क्रीनची रुंदी असे तीन तक्ते त्यातनं काढून घ्या. नवी असेल तर मालकाच्या व्हॉट्सॲपवरच्या दहा ग्राहकांना फोनचं मॉडेल विचारायला लावा. हा नमुना काही शास्त्रशुद्ध नाही, पण आपल्या अंदाजापेक्षा बरा.

पायरी २ : नावं सोडा, इंजिन बघा

ब्राउझर ढीगभर आहेत, पण पान रंगवणारी इंजिनं मुख्यतः तीनच. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट या सगळ्यांच्या पोटात ब्लिंक. फायरफॉक्सचं गेको. सफारीचं वेबकिट. ब्लिंक हे २०१३ मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघालं, म्हणून दोघांचं बरंच जुळतं आणि नेमकं नको तिथं जुळत नाही. एज २०२० पासून ब्लिंकवर आलं. इंटरनेट एक्स्प्लोरर ११ चा आधार मायक्रोसॉफ्टनं जून २०२२ मध्ये काढून घेतला. तो मागणारं गिऱ्हाईक आज भेटलंच, तर त्याचे वेगळे पैसे सांगा.

म्हणजे क्रोम, एज आणि ब्रेव्ह अशा तिन्हींत पान बघून "तीन ब्राउझरांत तपासलं" म्हणणारा माणूस एकच पातेलं तीन चुलींवर ठेवून तीन भाज्या झाल्या म्हणतोय.

आयफोनची गोष्ट आणखी न्यारी. ॲपलच्या नियमामुळे आयफोनवरचा क्रोम किंवा फायरफॉक्ससुद्धा आत वेबकिटच वापरतो. युरोपीय संघात २०२४ पासून हा नियम सैल झाला, आपल्याकडे तोच आहे. आणि हे वेबकिट फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमसोबतच अद्ययावत होतं. आयफोन ७ आयओएस १५ च्या पुढं जात नाही, त्यामुळे त्यावर क्रोम कितीही नवा टाकला तरी पान जुन्याच इंजिनात रंगणार. शेठच्या फोनवर मी आधी "क्रोम टाकून बघू" म्हणालो होतो. व्हायचं तेच झालं, काही फरक पडला नाही.

पायरी ३ : आपल्याच टेबलावर, पण परक्या नजरेनं

क्रोम आणि फायरफॉक्स शेजारीशेजारी उघडा, एकच पान दोन्हीकडे. दोन्हींत खाजगी खिडकी वापरा, नाहीतर जुनी साठवलेली फाइल दिसत राहते आणि तुम्ही दुरुस्त केलेली चूक पुन्हा दुरुस्त करत बसता.

मग खिडकीची कड माउसनं धरून हळूहळू अरुंद करत जा. ठरावीक फोनांची मापं निवडण्यापेक्षा हे बरं, कारण पान नेमकं कुठं मोडतं ते कळतं. ३६० पिक्सेल रुंदीला आडवी स्क्रोलपट्टी यायला नको. १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर मुख्य बटण न सरकवता दिसायला हवं. झूम २०० टक्के करून बघा. वयस्कर मंडळी फोनवर अक्षर मोठं करून ठेवतात, त्याची चुणूक इथंच मिळते.

विंडोजवर उभी स्क्रोलपट्टी साधारण १५ पिक्सेल जागा खाते. मॅकवर आणि फोनवर ती बहुधा पानावर तरंगते, जागा खात नाही. त्यामुळे रुंदी ‘१०० व्हीडब्ल्यू’, म्हणजे स्क्रोलपट्टी धरून खिडकीची सगळी रुंदी, दिलेला पट्टा मॅकवर चपखल बसतो आणि विंडोजवर तेवढ्याच पिक्सेलांनी बाहेर डोकावतो. उपाय सोपा, तिथं १०० टक्के लिहा. आणखी एक किरकोळ गंमत : तिरंग्याची इमोजी विंडोजवरच्या क्रोममध्ये झेंडा न दिसता दोन इंग्रजी अक्षरं होऊन दिसते. पंधरा ऑगस्टच्या बॅनरला इमोजी नको, चित्र टाका.

आता सापळा. क्रोममध्ये एफ१२ दाबून वरच्या पट्टीत ‘आयफोन’ निवडता येतो. चित्र आयफोनसारखं दिसतं, पण आत ब्लिंकच असतं. फक्त रुंदी बदलते, स्पर्शाची नक्कल होते आणि वेबसाइटला आपण आयफोन असल्याची थाप मारली जाते. मांडणी जुळवायला ही सोय उत्तम. पण त्यावरून "आयफोनवर तपासलं" असं कुणाला सांगू नका.

पायरी ४ : खरा फोन हातात घ्या

पान अजून लॅपटॉपवरच असेल, तरी फोनवर बघता येतं. दोन्ही एकाच वायफायवर आणा. तुमचा डेव्हलपमेंट सर्व्हर (लॅपटॉपवरून पान पुरवणारा प्रोग्रॅम) फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर, ऐकत असेल, तर त्याला सगळ्या पत्त्यांवर ऐकायला सांगा. बहुतेक साधनांत ‘होस्ट’ नावाचा पर्याय असतो. लॅपटॉपचा आयपी पत्ता आणि पुढं पोर्ट फोनच्या ब्राउझरमध्ये टाका. पान उघडलं नाही तर दहातल्या आठ वेळा विंडोजची फायरवॉल आडवी आलेली असते.

अशा साध्या पत्त्यावर कॅमेरा आणि लोकेशन चालत नाही, कारण ब्राउझर त्याला सुरक्षित मानत नाही. त्यापेक्षा केबल बरी. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात. तिथं यूएसबी डीबगिंग चालू करा, फोन लॅपटॉपला जोडा आणि क्रोमच्या ॲड्रेसपट्टीत ‘क्रोम’, कोलन, दोन तिरक्या रेषा, मग ‘इन्स्पेक्ट’ असं टाका. फोनवरचं पान लॅपटॉपवर उघडतं, चुकांच्या ओळी वाचता येतात, फोनमध्ये काय बदलतंय ते जागेवर दिसतं. तिथंच पोर्ट फॉरवर्डिंगही आहे. ते लावलं की फोनवर लोकलहोस्ट उघडतं आणि कॅमेऱ्याचीही अडचण मिटते.

फोन आणायचे कुठनं? घरातले सगळे आधी. मग कॉलेजजवळच्या टपरीवर मित्रांना चहा पाजा आणि पाच मिनिटं फोन मागा. लिंकचा क्यूआर कोड सोबत ठेवा, म्हणजे पत्ता टाइप करायला नको. दुसऱ्याच्या फोनवर खाजगी टॅब उघडा, लॉगिन करू नका आणि गॅलरीकडे बोट जाऊ देऊ नका. स्क्रीनशॉट हवा असेल तर आपल्या फोननं त्याच्या स्क्रीनचा फोटो काढा, लवकर होतं.

सॅमसंगचा फोन मिळाला तर त्याच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये डार्क मोड लावून बघा. तो तुमचे रंग स्वतःच्या मर्जीनं उलटे करतो. पारदर्शक पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांतला लोगो असेल, तर अंधारात मांजर. लोगोमागं पांढरी पट्टी ठेवली की भागतं.

इन्स्टाग्राम आणि फेसबुकवरनं आलेली लिंक बहुतेकदा त्या ॲपच्या आतल्याच खिडकीत उघडते. तिथं फाइल डाउनलोड होईलच याची खात्री नसते, आणि गुगलनं लॉगिन करायची सोय अशा खिडकीत गुगल स्वतःच चालू देत नाही. दुकानाची जाहिरात इन्स्टावर असणार असेल तर लिंक तिथूनच उघडून बघा.

पायरी ५ : मराठी अक्षर तपासा

इंग्रजी मार्गदर्शकांत हे प्रकरण सापडत नाही. आपली निम्मी दुखणी मात्र इथलीच.

शेठच्या पानावर अनुस्वार का गेला? मी मथळ्याला ‘मुक्ता’ फाँट दिला होता. तो माझ्या लॅपटॉपवर आधीच इन्स्टॉल होता, म्हणून दिसत होता. वेबसाइटवरून तो लोड करायची ओळ मी लिहिलीच नव्हती. आयफोनला मुक्ता मिळाला नाही, त्यानं आपला कोहिनूर देवनागरी लावला. त्याची उंची वेगळी. मथळ्याची ओळ-उंची मी इंग्रजी टेम्प्लेटमधनं आली तशीच, १ ठेवली होती आणि बाहेर येणारा भाग लपवायला सांगितला होता. इंग्रजीत डोक्यावर काही नसतं, त्यामुळे खपून जातं. आपल्याकडं डोक्यावर अनुस्वार, मात्रा, रफार आणि पायाशी उकार. देवनागरीला ओळ-उंची १.५ च्या आसपास द्या, मथळ्यालाही १.३ च्या खाली जाऊ नका.

फाँट न मिळाल्यास विंडोज ८ पासून पुढं निर्मला यूआय लागतो, त्याआधी मंगल, अँड्रॉइडवर नोटो. म्हणून एकदा मुद्दाम वेबफाँट बंद करून पान बघा. जे काही लागेल त्यातही मजकूर नीट बसायला हवा. स्वतःच्या मशीनवर इन्स्टॉल केलेले फाँट काढून टाका, निदान ज्या दिवशी तपासणी आहे त्या दिवशी तरी.

एक परीक्षेची ओळ पानावर चिकटवा आणि प्रत्येक फोनवर वाचा : कुऱ्हाड, पट्ट्या, सिद्धी, शृंखला, सर्वांत, स्त्री, ॲप, ऑर्डर, किंमत, हुरूप. ‘कुऱ्हाड’मध्ये अर्धा र चंद्रकोरीसारखा हवा, रफार झाला तर मजकूर चुकीचा टाइप झालाय. ‘सर्वांत’मध्ये रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढायला नकोत. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे फार जुन्या फाँटात तिथं चौकोन दिसतो.

अक्षरांमधलं अंतर वाढवायची हौस टेम्प्लेटवाल्यांना फार. इंग्रजी मथळा त्यानं ऐटबाज दिसतो, मराठीत शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द कपडे वाळत घातल्यासारखा लोंबतो. मराठी भागाला ते अंतर शून्य करा. तिरपी अक्षरंही टाळा. बहुतेक देवनागरी फाँटांत खरी तिरपी नसतात, ब्राउझर सरळ अक्षरच ढकलून तिरपं करतो.

पानाच्या अगदी पहिल्या टॅगमध्ये भाषा ‘एमआर’ लिहिलीय का तेही बघा. टेम्प्लेटमधनं ‘ईएन’ राहून गेलेली असते. मग पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठीला इंग्रजी आवाज लावू शकतं. ज्या फाँटात मराठी ‘ल’ आणि ‘श’ची वेगळी सोय आहे, तिथं तीही मिळत नाही, हिंदी वळणाची अक्षरं येतात.

मजकूर डीटीपीवाल्याकडून आला असेल तर तो युनिकोडमध्ये आहे याची खात्री करा. जुन्या फाँटातला मजकूर त्याच्या मशीनवर मराठी दिसतो आणि तुमच्या पानावर इंग्रजी चिन्हांचा चिवडा होतो.

देवनागरी फाँटच्या फाइली जोडाक्षरांमुळे जड असतात. फाँट येईपर्यंत क्रोम तीन सेकंदांपर्यंत मजकूर कोराच ठेवतो. जत-आटपाडीकडच्या वस्तीवर नेटवर्कची एकच कांडी असेल, तर तेवढ्यात माणूस मागं जातो. फाँटच्या नियमात ‘स्वॅप’ लिहिलं की आधी फोनमधला फाँट दिसतो, आपला नंतर चढतो. एफ१२ च्या नेटवर्क भागात वेग कमी करून हे बघता येतं.

पायरी ६ : फॉर्म भरा, आणि चुकीचाही भरा

बघण्यापुरतं पान सगळीकडे चालतं, पैसे फॉर्ममध्ये अडकतात. मराठी कीबोर्ड लावलेला माणूस मोबाइल नंबर ‘९८…’ असा देवनागरीत टाकतो. जावास्क्रिप्टमधला अंक ओळखायचा नेहमीचा नियम फक्त इंग्रजी अंक धरतो, मग त्या बिचाऱ्याला "नंबर चुकीचा आहे" असं लाल अक्षरांत ऐकावं लागतं. गंमत म्हणजे पायथनमध्ये तोच नियम देवनागरी अंकही मान्य करतो, त्यामुळे मागची बाजू ‘हो’ म्हणते आणि पुढची ‘नाही’. पाठवण्याआधी दहाही अंक इंग्रजीत बदलून घ्या, चार ओळींचं काम आहे.

उलट बाजूनं, किंमत दाखवताना ‘एमआर-आयएन’ दिलं की १,२३,४५६ असे मराठी अंक आपोआप येतात. ‘ईएन-आयएन’ दिलं की लाख-हजाराचे स्वल्पविराम तेच, अंक इंग्रजी. दोन्ही चालेल, एकाच पानावर मिसळ नको.

फॉर्मच्या रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल, तर आयफोन रकान्यावर बोट ठेवताच सगळं पान मोठं करतो आणि माणूस हरवतो. १६ ठेवा, प्रश्न संपला.

तारीख-वेळ मध्ये नुसती मोकळी जागा ठेवून लिहिली, तर जुनी सफारी ती वाचू शकत नाही. मध्ये ‘टी’ हे इंग्रजी अक्षर टाकलेलं प्रमाण रूप वापरा. यूपीआयचं बटण खऱ्या फोनवर, एक रुपया खर्चून बघा. लॅपटॉपवर ते कळणारच नाही.

पायरी ७ : मॅक नसताना सफारी

विंडोजसाठीची सफारी शोधून टाकू नका. ॲपलनं ती २०१२ नंतर पुढं नेलीच नाही. तिच्यात दिसलेली चूक खरी नसते आणि खरी चूक दिसत नाही.

फुकटचे दोन मार्ग आहेत. लिनक्स असेल तर गनोमचा वेब नावाचा ब्राउझर वेबकिटवर चालतो. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट हे तपासणीचं साधन टाकलं की क्रोमियम (क्रोमचा गाभा), फायरफॉक्स आणि वेबकिट तिन्ही मिळतात. हे वेबकिट हुबेहूब आयफोन नाही, फाँट आणि व्हिडिओ वेगळे पडतात, पण मांडणीच्या बहुतेक चुका पकडतं. पैशाचा मार्ग म्हणजे दूरच्या खऱ्या फोनांवर ब्राउझरमधून पान उघडू देणाऱ्या सेवा. त्यातली ब्राउझरस्टॅक २०११ मध्ये मुंबईत सुरू झाली. काम मोठं असेल तर महिन्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या अंदाजपत्रकात धरा. मी स्वतः शेवटी एक वापरलेला आयफोन घेतला, काच तडकलेला. फोन लावायला नाही, फक्त तपासायला.

शेठचं बटण का दडलं होतं, तेही सांगतो. पडदाभर उंचीसाठी मी ‘१०० व्हीएच’ लिहिलं होतं. फोनवर ही उंची ब्राउझरच्या पट्ट्या नाहीतच असं समजून मोजली जाते, म्हणून तळचा भाग पट्टीमागं जातो. ‘डीव्हीएच’ हे नवं माप सफारीत २०२२ च्या १५.४ आवृत्तीपासून चालतं. जुन्यासाठी आधीच्या ओळीत व्हीएच राहू द्या, पुढच्या ओळीत डीव्हीएच. ज्याला जे कळतं ते तो घेतो.

नवी सोय वापरण्याआधी ‘कॅन आय यूज’ या, कुठली सोय कुठल्या ब्राउझरात चालते ते सांगणाऱ्या वेबसाइटवर ती शोधायची सवय लावा. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणारी भाषा) नियमाच्या पोटात नियम लिहायची सोय क्रोममध्ये ११२ व्या आवृत्तीला आली. म्हणजे मघाच्या विंडोज ७ वाल्या कार्यालयात, जिथं क्रोम १०९ वर अडकलंय, ते नियम चालणार नाहीत आणि पान उघडंबोडकं दिसेल.

पायरी ८ : लिहून ठेवा

"आयफोनवर गंडलंय" ही नोंद नव्हे. फोनचं मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, ब्राउझर आणि त्याची आवृत्ती, काय केल्यावर काय झालं, फोटो. पाच रकान्यांचा साधा तक्ता पुरतो. पुढं ‘अडतं’ किंवा ‘खुपतं’ असा शेरा. ऑर्डर जात नसेल तर अडतं, आजच दुरुस्त करा. फायरफॉक्समध्ये बटणाची सावली जरा फिकी असेल तर खुपतं, सोडून द्या. दोन ब्राउझरांत पान तंतोतंत सारखं दिसलं पाहिजे असा हट्ट नवशिके धरतात आणि रात्री जागवतात. गिऱ्हाईक एकाच फोनवर बघतं, तुलना फक्त तुम्हीच करत असता.

एक दुरुस्ती केली की मागं तपासलेले फोन पुन्हा बघा. आयफोनसाठी केलेला बदल अँड्रॉइडला बाधला, असं माझं तीनदा झालंय.

आणि कोटेशन देतानाच एक ओळ घाला. मी आता अशी लिहितो : "ही वेबसाइट अँड्रॉइडवरील क्रोम, आयओएस १५ व त्यापुढील सफारी आणि विंडोजवरील क्रोम, एज व फायरफॉक्स यांत तपासून दिली जाईल, याखेरीज जुन्या आवृत्तीसाठी काम निघाल्यास त्याचा खर्च वेगळा." शेठनी ती वाचली, सही केली आणि विचारलं, "मग माज्या फोनवर दिसंल न्हवं?"